विश्लेषण : ‘ओरिजिनल विलीज’ विकत घेताना बॉनेटआधी चेसिस नंबर का पाहावा?

अद्रकीला किंवा कांद्याला बरा भाव मिळाला, की ग्रामीण भागात ट्रॅक्टर आणि दुचाकीसोबत आणखी एका वस्तूची चौकशी सुरू होते. ती म्हणजे जुनी जीप. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावांतही मोबाइलवर ‘१९४२ची ओरिजिनल विलीज, कागदपत्रे क्लिअर’ अशा जाहिराती पोहोचतात. फोटोत गाडी चकाचक असते, हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा. बऱ्याचदा त्यातला तारा तेवढा नवा असतो आणि गाडीही जवळपास तेवढीच नवी असते. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट झाले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये बनावट कागदपत्रांवर नोंदलेल्या गाड्यांवर मोठी कारवाई झाली. त्यामुळे जुनी अमेरिकी गाडी घेणे हा आता फक्त हौसेचा विषय राहिलेला नाही. इंजिन दुरुस्त होते, पत्रा बदलता येतो. चुकीचा कागद मात्र कोणत्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.

अमेरिकी गाडी मराठवाड्यात आली कशी?

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. तिथे शेवरोले गाड्या सुट्या भागांपासून जोडल्या जात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू केली. महिंद्रने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपचे सुटे संच आणून मुंबईत माझगावला त्या जोडायला घेतल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारचे धोरण बदलले. ज्यांना इथे प्रत्यक्ष उत्पादन करायचे नव्हते, त्यांना नुसती जुळणी करण्यास मनाई झाली. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला.

या इतिहासाचा आजच्या खरेदीदाराशी थेट संबंध आहे. भारतात दिसणाऱ्या मोठ्या अमेरिकी मोटारी प्रामुख्याने पन्नाशीच्या दशकातील किंवा त्याआधीच्या आहेत, ते यामुळेच. जीप मात्र महिंद्रच्या हाती पुढे दशकानुदशके बनत राहिली आणि तहसीलदाराच्या गाडीपासून काळी-पिवळीपर्यंत सगळीकडे धावली. त्यामुळे खेड्यात ‘अमेरिकन क्लासिक’ विकायला येते, तेव्हा ती बहुधा जीपच असते.

विलीज, महिंद्र की डबवालीची?

हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली नावाचे गाव आहे. तिथल्या गॅरेजांत जुन्या जीपच्या सांगाड्यावर नवा पत्रा, हवे ते इंजिन आणि रुंद टायर बसवून गाड्या तयार होतात आणि देशभर जातात. कारागिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की त्यातील काही गाड्या पुढच्या हाताला ‘महायुद्धातील विलीज’ म्हणून विकल्या जातात.

फरक ओळखणे तितके अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी आणि तिचेच फोर्डने बनवलेले भावंड जीपीडब्ल्यू यांच्या समोरच्या जाळीला ९ उभ्या फटी असतात, तर युद्धानंतरच्या नागरी सीजे मालिकेच्या जाळीला ७. सीजे-३बी या मॉडेलचे बॉनेट उंच असते, कारण त्यातले हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते. महिंद्रने पुढे बराच काळ हीच चण चालवली. मात्र जाळी हा बदलण्याइतका सोपा भाग आहे, त्यामुळे केवळ फटी मोजून भागत नाही. चेसिसच्या पुढच्या टोकाला रेडिएटरखालचा आडवा दांडा पाहावा. विलीज एमबीत तो गोल नळीचा असतो, फोर्डच्या जीपमध्ये तो उलट्या ‘यू’ आकाराच्या पट्टीचा. फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. विकणारा ‘फोर्ड’ म्हणत असेल आणि एकाही भागावर ते अक्षर सापडत नसेल, तर किंमत तिथेच थांबवावी.

अर्थात महिंद्रची १९६५ची सीजे-३बी ही काही दुय्यम गाडी नाही. सुटे भाग मिळणे, रोजची दुरुस्ती या दृष्टीने गावात ठेवायला तीच जास्त शहाणपणाची. फक्त पैसे तिचेच मोजावेत, महायुद्धाचे नव्हे.

कागदपत्रांत नेमके काय तपासायचे?

पहिली गोष्ट चेसिस नंबर. आरसी बुकातील क्रमांक आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक अंकाअंकाने जुळला पाहिजे. आरटीओत देतात तसा पेन्सिलने घासून कागदावर ठसा घ्यावा. अंक एका रेषेत नसतील, आजूबाजूचा लोखंडाचा भाग घासलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल, रंग फक्त तेवढ्याच जागी ताजा असेल तर शंका घ्यावी. डॅशबोर्डवरची पितळी पट्टी हा पुरावा मानू नये, तशा पट्ट्या नव्याने करून मिळतात. गंजामुळे क्रमांक पुसला गेल्यास आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा ठोकता येतो, पण मग त्या परवानगीचा कागद आरसीसोबत हवा. चोरीच्या वाहनांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ पोर्टलवर करता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘वाहन’ या सरकारी प्रणालीतील नोंद. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्यानंतर एमएच-२० सारखे क्रमांक आले. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक जुन्या मालिकांतले आणि नोंदी हाताने लिहिलेल्या वह्यांतल्या. मराठवाडा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणजे त्या काळी इथे नोंदलेल्या गाडीची मूळ नोंद त्या राज्याची. अशा गाडीची माहिती संगणकावर आलेली नसेल तर आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते आणि ती मूळ वहीतील नोंद सापडली तरच होते. ‘नंतर करून देतो’ हे वाक्य इथे सर्वाधिक महाग पडते. ऑनलाइन नोंद दिसत नसलेली गाडी घेऊ नये. घ्यायचीच असेल तर बॅकलॉगचे काम विकणाऱ्यानेच आधी पूर्ण करावे.

तिसरी गोष्ट मालकाचे नाव. गावाकडे हा अडथळा हमखास येतो. गाडी असते आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, विकतो नातू. कायद्याने मालकाच्या मृत्यूनंतर वाहन आधी वारसाच्या नावावर व्हायला हवे, त्यासाठी नमुना ३१ आहे आणि इतर वारसांची संमतीही लागते. एका काकाने सही नाकारली तर सौदा वर्षानुवर्षे अडकतो. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. ती संस्थाच अवसायनात गेली असेल तर हे पत्र आणायचे कोठून, हा प्रश्न खरेदीआधी सुटलेला हवा.

नाव न बदलता ‘टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणे’ ही आपल्याकडची जुनी पद्धत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ती किती घातक आहे हे दाखवून दिले. त्यातील मोटार एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकांच्या हातून गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघातानंतर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्याला जास्त हवी. कायद्याने विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहाराची माहिती १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते.

लष्कराच्या लिलावातील गाडी सुरक्षित असते का?

‘आर्मी डिस्पोजल’ हा जीपच्या बाजारातील सर्वांत वजनदार शब्द. लष्कर खरोखरच जुनी वाहने लिलावात काढते आणि त्यातून अनेक चांगल्या जीप नागरिकांच्या हाती आल्या आहेत. पण सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने केलेल्या ‘ऑपरेशन नुमखोर’ने या शब्दाची दुसरी बाजू समोर आणली. भूतानमार्गे तस्करी करून आणलेल्या गाड्यांना लष्कर आणि दूतावासांच्या नावाने बनावट कागद जोडून इथे नोंदणी करून घेतल्याचा संशय होता आणि ३० हून अधिक गाड्या जप्त झाल्या. त्या गाड्या काही विलीज नव्हत्या, महागड्या एसयूव्ही होत्या. पद्धत मात्र सारखीच. शेवटच्या खरेदीदाराने पूर्ण पैसे मोजलेले आणि गाडी मात्र सरकारच्या ताब्यात.

त्यामुळे लिलावाचे मूळ पत्र, पैसे भरल्याची पावती, गाडी ताब्यात दिल्याचा आदेश आणि त्यानंतरची पहिली नागरी नोंदणी ही साखळी सलग जुळली पाहिजे. झेरॉक्सवर विसंबू नये. ज्या आरटीओत पहिली नोंदणी झाली, तिथे एक फेरी मारणे हे पुढील कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त पडते, मग ते कार्यालय पंजाबात का असेना.

इंजिन बदललेले असेल तर?

मराठवाड्यातील असंख्य पेट्रोल जीप ऐंशी-नव्वदच्या दशकांत डिझेलवर गेल्या. कारण साधे होते, पेट्रोलचा खर्च परवडत नव्हता. त्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंजिन असले तर गाडी दणकट होते, पण आरसीवर ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल असा प्रकार असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने वेगळीच गाडी ठरते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलात परस्पर बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे स्पष्ट केले. इंजिन बदलाची नोंद आरसीवर नसेल तर फिटनेस अडतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त मिळते.

‘व्हिंटेज’ नोंदणी घ्यावी का?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये. नवीन क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. विक्रीला मुभा आहे, पण ९० दिवसांत दोघांनीही आरटीओला कळवायचे.

हे सगळे ऐकायला छान वाटते. मेख वापरात आहे. व्हिंटेज गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. देवगाव रंगारीहून लासूर स्टेशनच्या बाजारात जायचे असेल, शेतावर चक्कर मारायची असेल तर ही नोंदणी निरुपयोगी. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन पैसे वसूल करण्याचा बेत असेल तर तोही विसरावा, व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे.

साधी नोंदणी ठेवली तर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांहून जुन्या चारचाकीसाठी ऑगस्ट २०२५ पासून त्याचे शुल्क १० हजार रुपये आहे, जीएसटी वेगळा. पण आयात केलेल्या चारचाकीसाठी हेच शुल्क ८० हजार रुपये. म्हणजे आरसीवर गाडी आयात केलेली म्हणून दाखवली आहे की देशात जुळणी झालेली म्हणून, या एका नोंदीवर १० वर्षांत २० हजार जाणार की १ लाख ६० हजार, हे ठरते. कुर्ल्यात जोडलेली डॉज आणि अमेरिकेतून थेट आलेली डॉज यांत दिसायला फारसा फरक नाही, खिशाला मात्र आठपट आहे. थेट आयात असेल तर सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ मागावे. नोंदणीची मुदत आधीच संपलेली असेल तर चारचाकीला दरमहा ५०० रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. पर्यावरण कर वेगळा. थकबाकीचा हा हिशेब सौदा ठरण्याआधी आरटीओतून काढून घ्यावा.

लष्करी जीपबाबत आणखी एक गुंता आहे. नियमात ५० वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजलेली आहेत. गाडी १९४४ची असली तरी लिलावानंतर तिची पहिली नागरी नोंदणी १९८२ मध्ये झाली असेल, तर नियमाच्या अक्षरानुसार ती आज व्हिंटेज ठरत नाही. व्हिंटेज क्रमांकाच्या भरवशावर अशी गाडी घेण्याआधी आरटीओचे मत लेखी घ्यावे.

गाडीखाली झोपून काय पाहायचे?

इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच सुरू करून गरम ठेवलेले इंजिन सगळे लपवते. चारही सिलिंडरचे कंप्रेशन गेजवर मोजावे, आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. ऑइलच्या झाकणातून धूर फेकत असेल तर रिंग किंवा लायनरचा खर्च धरावा. हा खर्च घाबरण्यासारखा नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात बोअर करणारी, बुश आणि पिन लेथवर काढून देणारी वर्कशॉप आहेत, ही या जिल्ह्याची जमेची बाजू.

डॉज आणि प्लिमथच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनात ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी पत्र्याची लांब नळी असते. ती गंजली की मागच्या सिलिंडरना पाणी पोहोचत नाही. रेडिएटर नवा, पंप नवा, तरी गाडी तापते आणि मेकॅनिक हैराण होतो. त्या नळीबद्दल विक्रेत्याला विचारावे. उत्तर आले नाही तर ती बदललेली नाही असे समजावे. शेवरोलेच्या १९५३ पूर्वीच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडला ओतीव बॅबिटचे बेअरिंग असते, ते ओतणारे कारागीर आता विरळा. तिशीच्या दशकाच्या पूर्वार्धातील जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉडीत लाकडी सांगाडा असतो, म्हणजे गंजाबरोबर वाळवीही शोधायची!

जीपमध्ये जमिनीच्या पत्र्याखालची मजबुतीची पट्टी पाहावी. महायुद्धातील जीपच्या या पट्टीत लाकूड भरलेले असे. ते ओल धरते आणि पत्रा आतून सडतो. पत्र्यावर चुंबक फिरवावा, जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पाहावा, गिअर निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पुढची चाके जॅकवर घेऊन वर-खाली हलवावीत, किंगपिनचा प्ले हाताला कळतो. स्टेअरिंग ४० च्या वेगात थरथरत असेल तर कारण बहुधा तिथेच.

ब्रेकबाबत तडजोड नको. अमेरिकेत साठीच्या दशकाच्या अखेरीस दुहेरी ब्रेक सर्किट सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत एकच सर्किट असते, कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. कन्नडच्या पुढे औट्रम घाटात असे झाले तर काय, याचा विचार करूनच मास्टर सिलिंडर, नळ्या आणि व्हील सिलिंडर नवे बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

ई-२० पेट्रोलचे काय?

देशातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला साठलेला गंज सैल करून कार्ब्युरेटरमध्ये पाठवते. इंधन पंपाचा पडदा, होज आणि सील इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घ्यावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. मराठवाड्याच्या ४२ अंशांच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे हे जुनेच दुखणे, इथेनॉलने ते वाढते.

पैसे कधी द्यायचे?

विसार द्यावा, पण पावतीवर चेसिस आणि इंजिन क्रमांक लिहून. वाहन परराज्यातले असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या जुन्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जातात, त्यांची एनओसी विशेष बारकाईने पाहावी. डीलरकडून घेताना त्याच्याकडे जुन्या वाहनांच्या विक्रीचे आरटीओचे प्राधिकारपत्र आहे का, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे.

विमा आधी, गाडी नंतर. तृतीय पक्ष विमा तर सक्तीचाच आहे. इतक्या जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून किमतीच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवावेत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार अंकी निर्मितीचे आकडे वाचावेत, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ते दहा-बारा वर्षांपूर्वीचे असतील किंवा आकडे फक्त तीनच असतील, म्हणजे टायर २००० पूर्वीचा असेल, तर गाडी चालवत नव्हे, टेम्पोत घालून गावी न्यावी.